जावास्क्रिप्टमध्ये स्लीप का नाही, आणि थांबायचंच असेल तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आधी पायथनमध्ये काम केलंय, तिथे स्लीप लिहिलं की प्रोग्रॅम तेवढा वेळ गप्प बसायचा. आता जावास्क्रिप्टमध्ये दहा नावांची यादी आहे, एकेक नाव दोन-दोन सेकंदांनी स्क्रीनवर आणायचंय, म्हणून फॉर लूपमध्ये सेटटाइमआउट टाकला, तर दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग दहाच्या दहा नावं एकदम येऊन पडतात. चुकतंय कुठे, आणि इथे सरळ स्लीप का दिलेलं नाही?

मी बारा-तेरा वर्षं हेच काम करतोय, अर्धा वेळ ब्राउझरमध्ये आणि अर्धा नोडमध्ये (ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन), आणि दुसऱ्या भाषेतून आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात इथेच अडखळताना बघितलाय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कोडच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय, टाइप करताना कीवर्ड नेहमीच्या स्पेलिंगने घ्या.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की सेटटाइमआउट काहीही थांबवत नाही, तो फक्त नोंद करून ठेवतो. "हे फंक्शन दोन हजार मिलिसेकंदांनी चालव" एवढं ब्राउझरला सांगतो आणि त्याच क्षणी परत येतो, पुढची ओळ लगेच चालते. एक छोटा प्रयोग स्वतः करून बघा, वाचून सोडू नका. कन्सोलमध्ये तीन ओळी लिहा, पहिली "एक" छापणारी, दुसरी सेटटाइमआउटमधून शून्य मिलिसेकंदांनी "दोन" छापणारी, तिसरी "तीन" छापणारी. उत्तर येतं एक, तीन, दोन. वेळ शून्य दिली तरी "दोन" शेवटीच येतं, कारण हातात असलेला कोड पूर्ण संपल्याशिवाय रांगेतलं काहीही बाहेर काढलं जात नाही. आता तुमचा लूप बघा. त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत दहा नोंदी केल्या, प्रत्येकीवर "आत्तापासून दोन सेकंदांनी" असं लिहिलेलं, आणि दहाही जणींचं "आत्ता" जवळजवळ एकच. मग सगळ्या एकत्र येणार नाहीत तर काय होईल. (तुम्ही लूपमधल्या व्हेरिएबलसाठी जुना व्हार वापरला असता तर दहाही वेळा एकच शेवटचं मूल्य दिसलं असतं, तो वेगळा सापळा आहे, लेट वापरा आणि विसरून जा.)

मग स्लीप का दिलं नाही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीचं आपोआप सुटत जातं. ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइकने नेटस्केपसाठी बनवली ती ब्राउझरच्या आत चालण्यासाठी. पानावरचा तुमचा कोड ज्या मुख्य थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यावर) चालतो त्याच थ्रेडवर क्लिक हाताळले जातात, लेआउट ठरतो, पान पुन्हा रंगवायचं काम होतं. दुसरा माणूस बसलेलाच नाही तिथे. तुमचा कोड दोन सेकंद अडून बसला तर त्या दोन सेकंदांत बटण दाबलं जाणार नाही, टाइप केलेलं अक्षर दिसणार नाही, सिलेक्ट केलेलं काही बदलणार नाही, पान मेल्यासारखं वाटतं.

तरीही लोक व्हाइल लूप लावून घड्याळ बघत बसतात, डेट डॉट नाऊ घेतला, दोन हजार मिळवले, तेवढं होईपर्यंत फिरत राहा. मीसुद्धा सुरुवातीला हे केलंय. बटणावर "थांबा, काम चालू आहे" असा मजकूर आणायचा होता आणि मग तीन सेकंदांनी निकाल दाखवायचा होता. पहिल्या ओळीत मजकूर बदलला, दुसऱ्या ओळीत व्हाइल लूप, तिसरीत निकाल. मजकूर एकदाही दिसला नाही! डिबगरमध्ये बघितलं तर बटणाचा टेक्स्ट बदललेला होता, स्क्रीनवर मात्र जुनाच. कारण बदल डॉमपर्यंत (ब्राउझरने मेमरीत ठेवलेल्या पानाच्या रचनेपर्यंत) पोचला होता पण तो रंगवायला ब्राउझरला संधीच मिळाली नाही, मी त्याचा थ्रेड धरून ठेवला होता. शिवाय तेवढा वेळ प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण जळत होता, बॅटरी गेली ती वेगळीच. हा उपाय कुणी सुचवला तर घेऊ नका, नोडमध्ये तर अजिबातच नाही, कारण तिथे एका युजरसाठी अडलेला थ्रेड म्हणजे त्याच प्रोसेसवर आलेल्या बाकी सगळ्यांची रिक्वेस्ट अडलेली.

आता खरा उपाय. एक ओळीचं फंक्शन आहे, ते मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी लिहून ठेवतो:

कॉन्स्ट थांब = (मिसे) => न्यू प्रॉमिस((झालं) => सेटटाइमआउट(झालं, मिसे));

आणि वापरताना असिंक फंक्शनच्या आत:

अवेट थांब(२०००);

यात जादू काही नाही. थांब एक प्रॉमिस परत देतं, म्हणजे "नंतर पूर्ण होईल" अशी पावती, आणि सेटटाइमआउट दोन सेकंदांनी ती पावती पूर्ण करतो. अवेट काय करतं, तर तुमचं फंक्शन तिथेच बाजूला ठेवतं, त्यातली सगळी व्हेरिएबल्स जशीच्या तशी जपून, आणि थ्रेड मोकळा करून टाकतं. पावती पूर्ण झाली की फंक्शन त्याच ओळीपासून पुढे चालू. वाचताना अगदी स्लीपसारखं दिसतं पण थांबतं फक्त हे एक फंक्शन, बाकी पान जिवंत असतं. प्रॉमिस भाषेत २०१५ साली आलं, असिंक-अवेट २०१७ साली, आणि २०२२ पासून मॉड्यूलच्या सगळ्यात वरच्या पातळीवरही अवेट चालतं, असिंक फंक्शनमध्ये गुंडाळायची गरज नाही. साध्या स्क्रिप्टमध्ये मात्र गुंडाळावंच लागतं.

"बाकी पान जिवंत असतं" हे वाक्य मी सहज लिहिलं पण त्याची दुसरी बाजू लोक विसरतात. तुम्ही अवेटवर असताना युजर तेच बटण पुन्हा दाबू शकतो, दुसरा कोड तेच व्हेरिएबल बदलू शकतो, तुमचा कोड टेबलमधल्या ज्या ओळीसाठी थांबला होता ती ओळ तोवर उडालेलीही असू शकते. अवेटच्या आधी जे तपासलं ते अवेटच्या नंतर खरं असेलच असं धरून चालू नका, लागलं तर पुन्हा तपासा, आणि बटण असेल तर काम चालू असताना ते बंद करून ठेवा.

आता इथे घोडं पेंड खातं ते फॉरईचपाशी. अवेट थांब लिहिलं, पण फॉर लूपऐवजी सवयीने यादीवर फॉरईच लावला आणि आतल्या कॉलबॅकला (प्रत्येक घटकासाठी चालणाऱ्या फंक्शनला) असिंक केलं. काहीच थांबत नाही. कारण फॉरईच तुमच्या कॉलबॅकने परत दिलेल्या प्रॉमिसकडे बघतही नाही, तो पुढच्या घटकाकडे जातो. मला हे फार महागात पडलं होतं. सातशेच्या आसपास रेकॉर्ड बाहेरच्या एका सर्व्हिसकडे पाठवायचे होते, त्यांची मर्यादा मिनिटाला साठ रिक्वेस्टची, म्हणून मी प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी अवेट थांब(१०००) लिहिलं आणि निश्चिंत झालो. स्क्रिप्ट चालवली, एक सेकंद शांतता, आणि मग सातशेच्या सातशे रिक्वेस्ट एका झटक्यात गेल्या. पहिल्या काही नीट परतल्या, नंतर चारशे एकोणतीसची (म्हणजे "फार जास्त रिक्वेस्ट" या एररची) रांग लागली आणि ती सर्व्हिस वापरायची आमची एपीआय की दिवसभरासाठी बंद झाली. कोडमध्ये अवेट डोळ्यांना दिसत होता म्हणून मी अर्धा तास भलतीकडेच शोधत होतो. फॉरईच काढून फॉर-ऑफ लूप लावला, बाकी एक अक्षर बदललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच स्क्रिप्ट बारा मिनिटांत शांतपणे पूर्ण झाली. मॅपचंही तसंच आहे, मॅप आणि प्रॉमिस डॉट ऑल हे सगळं एकत्र सुरू करायचं असेल तेव्हा वापरायचं, एकामागून एक करायचं असेल तर फॉर-ऑफ.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे अवेट लिहायचंच राहून जाणं. नुसतं थांब(२०००) लिहिलं तर एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, पावती बनते आणि कुणी न बघता पडून राहते, कोड सरळ पुढे. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर लिंटरमध्ये (कोडमधल्या चुका आधीच दाखवणारं टूल) नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा नियम चालू करा, तो असले प्रकार पकडतो. आणि सेटटाइमआउटला फंक्शन द्यायचं, फंक्शन चालवून आलेलं उत्तर नाही, म्हणजे नावापुढे कंस लावलात तर ते तिथल्या तिथे चालून जातं.

वेळेच्या आकड्याबद्दल थोडं बोलायला हवं. तुम्ही दिलेला आकडा म्हणजे "किमान इतका वेळ", "बरोबर इतका वेळ" नाही. टायमर वेळेवर तयार झाला तरी थ्रेड दुसऱ्या कामात असेल तर त्याला रांगेत उभं राहावं लागतं. टायमरच्या आतून टायमर असं पाच पातळ्यांच्या पुढे गेलं की ब्राउझर किमान ४ मिलिसेकंद लावतो, तुम्ही शून्य लिहा की एक. टॅब मागे गेला की ब्राउझर टायमरना सेकंदाला एकदा इतपत मंद करतात, आणि क्रोमने २०२१ मध्ये, आवृत्ती ८८ पासून, आणखी कडक केलं, टॅब पाच मिनिटांहून जास्त लपलेला असेल, पान आवाज करत नसेल वगैरे अटी जुळल्या की साखळीतले टायमर मिनिटाला एकदा तपासले जातात.

हे नुसतं माहितीसाठी सांगत नाहीये. एका ऑनलाइन परीक्षेच्या पानावर उलटी मोजणी होती, सेटइंटरव्हल दर सेकंदाला उरलेल्या सेकंदांतून एक वजा करायचा. काही विद्यार्थी टॅब बदलून परत आले तर त्यांच्या घड्याळात खऱ्यापेक्षा जास्त वेळ उरलेला दिसायला लागला, आणि ज्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं होतं त्यांच्याकडे तर विचारू नका. सबमिट सर्व्हरने वेळेवर बंद केलं आणि पोरांच्या स्क्रीनवर अजून सहा मिनिटं शिल्लक. तेव्हा ज्यांचे पेपर अर्धवट राहिले त्यांचे मेल मी वाचलेत, म्हणून हे कळकळीने सांगतो, वेळ कधीही टायमरच्या ठोक्यांवर मोजू नका. संपायची वेळ सर्व्हरकडून घेऊन ठेवा, प्रत्येक ठोक्याला त्यातून आत्ताची वेळ वजा करा आणि ते दाखवा. ठोका उशिरा आला तर आकडा एकदम उडी मारेल, पण हुकलेल्या ठोक्यांमुळे चुकीचा दिसणार नाही.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. टायमरचा आकडा बत्तीस बिटांत साठवला जातो, त्यामुळे २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे साधारण २४.८ दिवसांच्या वर, तो मावत नाही. तीस दिवस म्हणजे २,५९,२०,००,००० मिलिसेकंद होतात. तेवढं लिहिलं की तीस दिवसांनी चालायचं ते ताबडतोब चालतं. नोड निदान वॉर्निंग देऊन १ मिलिसेकंद धरतो. तसंही प्रोसेस महिनाभर जिवंत राहील या भरवशावर काही ठेवूच नये, ते काम डेटाबेसमध्ये तारीख लिहून शेड्यूलरने करायचं.

जड काम मध्ये मध्ये थांबवून करायचं असेल, समजा पन्नास हजार ओळी प्रोसेस करायच्या आहेत आणि पान अडकू द्यायचं नाही, तर तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यानंतर अवेट थांब(०). इथे एक बारीक गोष्ट आहे. काही जण त्याजागी आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसवर अवेट करतात, त्याने पान सुटत नाही. प्रॉमिसचं पुढचं काम मायक्रोटास्कच्या वेगळ्या रांगेत जातं आणि ती रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय ब्राउझर रंगवायला किंवा क्लिक घ्यायला जात नाही. सेटटाइमआउटची रांग वेगळी, तिथे दोन कामांच्या मध्ये ब्राउझरला श्वास घेता येतो. नव्या क्रोममध्ये यासाठी शेड्यूलर डॉट यील्ड आलंय, मिळत असेल तिथे ते जास्त चांगलं. ॲनिमेशन असेल तर मात्र टायमर नकोच, रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम घ्या, ते स्क्रीनच्या फ्रेमशी जुळून चालतं, साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर दर १६.७ मिलिसेकंदांनी.

नोडमध्ये थांब स्वतः लिहायचीही गरज उरलेली नाही. आवृत्ती १५ पासून टायमर्स/प्रॉमिसेस नावाचं मॉड्यूल आहे, त्यातला सेटटाइमआउट थेट प्रॉमिस देतो आणि मधेच रद्द करण्यासाठी सिग्नलही घेतो. एखाद्या कमांड-लाइन टूलमध्ये खरोखरच सगळी प्रोसेस अडवायची असेल तर ॲटॉमिक्स डॉट वेट आहे, ते थ्रेड खरंच झोपवतं, प्रोसेसर न जाळता. ब्राउझरच्या मुख्य थ्रेडवर ते चालू देत नाहीत, वर्करमध्ये, म्हणजे मागे चालणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये, चालतं. मला इतक्या वर्षांत ते दोनदाच लागलंय.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. "कोड थांबवायचा कसा" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कशासाठी थांबायचंय? दहातल्या सात-आठ वेळा उत्तर येतं, डेटा यायला वेळ लागतो म्हणून, पॉपअप उघडायला वेळ लागतो म्हणून, टेबल भरेपर्यंत म्हणून. तिथे स्लीप म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. तुम्हाला तीन सेकंद नकोच आहेत, तुम्हाला डेटा आलेला हवाय. मग डेटा मागवणाऱ्या त्या फेचवरच अवेट करा. सीएसएसचं ट्रान्झिशन संपायचं असेल तर ट्रान्झिशनएंड इव्हेंट ऐका. दुसऱ्या कुणाच्या कोडने पानात काही घालायची वाट बघायची असेल तर म्युटेशनऑब्झर्व्हर लावा. तीन सेकंद हा तुमच्या मशीनवर, तुमच्या नेटवर, त्या दिवशी जमलेला अंदाज आहे, वेगवान मशीनवर तो फुकट जातो आणि मंद मशीनवर कमी पडतो, आणि कमी पडतो तेव्हा आपण तीनाचे पाच करतो.

टेस्टमध्ये हे सगळ्यात जास्त छळतं. दोनशे टेस्ट आणि प्रत्येकीत तीन सेकंदांचा स्लीप म्हणजे दहा मिनिटं नुसती बसून काढायची, आणि तरी कधीतरी एखादी उगाच लाल होते. प्लेराइटमध्ये (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायचं टूल) लोकेटर स्वतःच घटक तयार व्हायची वाट बघतात, वेटफॉरटाइमआउट वापरू नका असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. युनिट टेस्ट असेल तर जेस्ट या टेस्टिंग टूलचे खोटे टायमर घ्या, घड्याळ हाताने पुढे ढकला, एक तासाचा डिले एका क्षणात तपासून होतो.

खरोखर वेळेचीच गरज असते अशा जागा मोजक्या आहेत. रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळेतल्या रिक्वेस्टची मर्यादा, वर सांगितलंच. युजर टाइप करायचा थांबला की मग शोधायचं, म्हणजे डिबाउन्स, तिथे प्रत्येक अक्षराला जुना टायमर क्लिअरटाइमआउटने काढून नवा लावायचा, तीनशे मिलिसेकंद साधारण बरे वाटतात. आणि फसलेली रिक्वेस्ट पुन्हा करणं. तिथे दर वेळी एक सेकंद थांबू नका, एक, दोन, चार, आठ असं वाढवत जा आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळा, नाहीतर सर्व्हर पडल्यावर सगळे क्लायंट एकाच ठोक्याला परत येऊन त्याला पुन्हा पाडतात. सर्व्हरने रिट्राय-आफ्टर हेडर पाठवला असेल तर स्वतःचं गणित सोडा आणि तो सांगतो तेवढंच थांबा. काम झालं का ते सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारायचं असेल तर सेटइंटरव्हल नको, उत्तर यायला अंतरापेक्षा जास्त वेळ लागला की रिक्वेस्ट एकमेकींवर चढतात. व्हाइल लूप, आत विचारा, उत्तर येऊ द्या, मग अवेट थांब. आणि याला बाहेर पडायची अट हवीच, कमाल इतके प्रयत्न किंवा कमाल इतका वेळ.

कमाल वेळेवरून आठवलं, बरेच जण प्रॉमिस डॉट रेसमध्ये एकीकडे फेच आणि एकीकडे थांब लावतात. चालतं, पण हरलेला फेच मागे चालूच राहतो, रेस त्याला रद्द करत नाही. फेचला ॲबॉर्टसिग्नल डॉट टाइमआउट द्या, मग तो खरोखर तुटतो.

तुमच्या दहा नावांकडे परत येतो. फंक्शन असिंक करा, आत फॉर-ऑफ लावा, लूपमध्ये आधी नाव दाखवा आणि मग अवेट थांब(२०००), उलट नको, नाहीतर पहिल्या नावाआधीही पान दोन सेकंद रिकामं दिसेल. युजर पान सोडून गेला किंवा त्याने "पुरे" दाबलं तर लूप थांबला पाहिजे, त्यासाठी एक ॲबॉर्टकंट्रोलर (रद्द करायचा सिग्नल देणारा ऑब्जेक्ट) बनवा आणि अवेटच्या लगेच पुढच्या ओळीत सिग्नल डॉट ॲबॉर्टेड तपासून ब्रेक करा. नुसता क्लिअरटाइमआउट करून भागणार नाही, टायमर गेला की ती पावती कधीच पूर्ण होत नाही आणि तुमचं फंक्शन त्या ओळीवर कायमचं लटकून राहतं, फायनली ब्लॉकमध्ये काही आवरासावर लिहिली असेल तर तीही होत नाही. एवढं करून चालवा, आणि नावं तरीही एकदम आली तर आधी बघा की अवेट खरंच त्याच लूपमध्ये आहे का, आतल्या एखाद्या कॉलबॅकमध्ये नाही ना.